रेंज पूर्ण, तरी नेट अडते: गर्दीच्या वेळी मंदावणाऱ्या वायफायचे निदान आणि उपाय

पुण्याच्या एका पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची अभ्यासिका आहे. तीन खोल्या, सुमारे साठ जागा, आणि प्रत्येक जागेवर एक मोबाइल व बहुधा एक लॅपटॉप. या अभ्यासिकेच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तिथून दर आठवड्याला एकच तक्रार येत होती. सकाळी नेट उत्तम चालते, दुपारीही चालते, पण संध्याकाळचे सात वाजले की व्याख्यानांचे व्हिडिओ अडखळू लागतात, सराव चाचणीचे पान उघडत नाही, आणि रात्री साडेदहानंतर सगळे आपोआप सुरळीत होते. "दादा, रेंज फुल्ल आहे, पण लेक्चर नुसतं फिरतंय," असे मला तिथल्या निदान वीस जणांनी तरी सांगितले असेल.

राउटर बंद करून पुन्हा चालू केला की दहा-पंधरा मिनिटे बरे वाटायचे आणि मग पुन्हा तेच. ब्रॉडबँडची योजना १०० मेगाबिटवरून २०० वर नेली, तरी काडीचा फरक पडला नाही. एका ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे राउटरला जोडून वायफायचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाच्या, जोडीला दुसरा बसवला, मग तिसरा बसवला, तेव्हा तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या. उपकरणे वाढवल्यावर त्रास वाढतो, ही गोष्ट मला फार खटकली, आणि खरे निदान तिच्यातूनच हाती लागले. अशीच तक्रार गृहनिर्माण सोसायट्यांत, वसतिगृहांत आणि लहान कार्यालयांतही आढळते, म्हणून निदानाचा क्रम आणि प्रत्यक्ष लागू पडलेले उपाय इथे सविस्तर लिहीत आहे.

तक्रार तारेची की हवेची

ज्या वेळी त्रास होतो, त्याच वेळी जाऊन मोजावे. सकाळी अकरा वाजता केलेल्या वेगाच्या चाचणीवरून संध्याकाळच्या तक्रारीचे काहीच कळत नाही. मी साडेसातला लॅपटॉप घेऊन बसलो आणि दोन पत्त्यांवर एकाच वेळी पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवला. एक पत्ता राउटरचा स्वतःचा, जो आपल्याकडे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि दुसरा बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८. राउटर माझ्यापासून जेमतेम वीस फुटांवर होता, त्यामुळे निवांत वेळी त्याचे उत्तर दोन ते पाच मिलिसेकंदांत येते. त्या संध्याकाळी तेच उत्तर ४, ७, १८०, ३५, ६१०, ९ असे उड्या मारत होते आणि मधूनच एखादे उत्तर येतच नव्हते. मग तोच लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला. राउटरचे उत्तर लगेच एक मिलिसेकंदाच्या आत आले आणि बाहेरचे बारा-तेरा मिलिसेकंदांवर स्थिरावले. याचा अर्थ फायबर ठीक होते, राउटर ठीक होता, सेवा देणाऱ्यांचीही चूक नव्हती. बिघाड त्या वीस फुटांच्या हवेत होता.

केबल लावूनही बाहेरचे उत्तर उशिरा येत असेल, विशेषतः कोणी मोठी फाइल वर चढवत असताना ते बिघडत असेल, तर तो वेगळा आजार समजावा. राउटरच्या आत माहितीची लांबलचक रांग साचते आणि सगळ्यांची छोटी कामे त्या रांगेच्या शेवटी अडकतात. ज्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असते, त्यात ती चालू करून प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास मर्यादा घातली की हा त्रास बराच कमी होतो. पुढील उपायांचा त्या आजाराला उपयोग नाही.

रांगेत नंबर कसा लागतो

मोबाइलवरच्या पट्ट्या फक्त एवढेच सांगतात की राउटरचा आवाज आपल्यापर्यंत किती ठळक येतो. आपल्याला बोलायला संधी किती वेळा मिळते, याची त्या पट्ट्यांना काहीही कल्पना नसते. ही दुसरी गोष्ट समजली नाही तर उपाय नेहमी चुकीच्या दिशेने जातो, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर, एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचे असते. राउटर असो, साठ मोबाइल असोत किंवा शेजारच्या घरातील टीव्ही असो, चॅनेल तोच असेल आणि आवाज ऐकू येत असेल तर सगळे एकाच रांगेत उभे असतात, मग नेटवर्कची नावे आणि पासवर्ड वेगवेगळे असले तरी. या रांगेत नंबर देणारा कोणी नसतो. बोलू इच्छिणारे उपकरण आधी ऐकते, हवा शांत आहे असे दिसले की तीस-चाळीस मायक्रोसेकंद थांबते, आणि मग शून्य ते पंधरा यांमधला एक आकडा काढून नऊ-नऊ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी तो उलटा मोजू लागते. मोजता मोजता दुसरे कोणी बोलू लागले तर मोजणी तिथेच थांबते आणि त्याचे बोलणे संपल्यावर उरलेल्या आकड्यापासून पुढे सुरू होते. आकडा शून्यावर आला की उपकरण बोलते. समोरून पोच आली नाही तर टक्कर झाली असे धरून पुढचा आकडा शून्य ते एकतीस, मग शून्य ते त्रेसष्ट, अशा वाढत्या पल्ल्यातून काढला जातो आणि हा पल्ला १०२३ पर्यंत वाढू शकतो.

आता हा हिशेब गर्दीला लावून पाहावा. दोन उपकरणांनी एकाच क्षणी पहिला आकडा काढला तर दोघांना तोच आकडा मिळण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे सव्वासहा टक्के असते. दहा उपकरणांनी एकाच क्षणी आकडे काढले, तर सर्वांत लहान आकडा एकाहून अधिक जणांच्या वाट्याला येऊन टक्कर होण्याची शक्यता सुमारे २८ टक्के होते, आणि वीस उपकरणे असतील तर ती जवळजवळ निम्म्यावर पोहोचते. टक्कर होते तेवढा वेळ हवा व्यापलेली राहते, पण पोहोचत काहीच नाही, आणि शिवाय ते सगळे पुन्हा रांगेत येतात. संध्याकाळी सातला अभ्यासिका भरली की पिंगचे उत्तर सहाशे मिलिसेकंदांवर का जाते, हे या आकड्यांवरून कळते. ब्रॉडबँडची योजना वाढवून या रांगेतला एक माणूसही कमी होत नाही.

ऐकून मग बोलण्याची ही शिस्त किती मोलाची आहे, हे तिच्या आधीच्या प्रयोगावरून दिसते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. त्यात ज्याला बोलायचे असेल त्याने सरळ बोलावे आणि टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा बोलावे, एवढाच नियम होता. त्या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच कामी येऊ शकतो, असे गणित सांगते. आजचे वायफाय त्या कल्पनेच्याच घराण्यातले आहे; फक्त ते आधी ऐकते.

रांगेचा आणखी एक गुण पुढे फार उपयोगी पडणार आहे. रांगेत प्रत्येकाला बोलण्याची संधी साधारण सारखी मिळते, पण बोलायला लागणारा वेळ सारखा नसतो. १,५०० बाइटचा एक तुकडा ५४ मेगाबिटच्या गतीने पाव मिलिसेकंदाच्या आत जातो, तर तोच तुकडा एक मेगाबिटच्या गतीने पाठवायला बारा मिलिसेकंद लागतात. जिन्याजवळच्या कोपऱ्यात बसलेल्या एका विद्यार्थ्याचा फोन सिग्नल क्षीण असल्यामुळे एक मेगाबिटवर उतरला, तर त्याच्या एका वाक्यात बाकीच्यांची पन्नास वाक्ये बसली असती. म्हणजे एक दूरचा फोन सगळ्या खोलीला आपल्या गतीवर आणू शकतो, आणि त्यात त्या विद्यार्थ्याचा काही दोष नसतो.

अभ्यासिकेत काय आढळले

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे कोणतेही ॲप उघडले की आजूबाजूची नेटवर्के, त्यांचे चॅनेल आणि त्यांची ताकद आलेखावरच्या कमानींच्या रूपात दिसते. अँड्रॉइडवर त्यासाठी लोकेशनची परवानगी द्यावी लागते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले तरी आपल्या जोडणीचा चॅनेल आणि गोंगाटाची पातळी कळते. ॲपमधल्या कमानी केवळ उपस्थिती दाखवतात, वर्दळ दाखवत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. एखाद्या कमानीखाली दिवसभर कोणीच बोलत नसेल आणि दुसऱ्या लहानशा कमानीखाली चोवीस तास कॅमेरा चालू असेल. काही चांगले ॲक्सेस पॉइंट आपला चॅनेल किती टक्के व्यापलेला आहे हे स्वतःच प्रसारित करतात. तो आकडा मिळाला तर कमानींपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पहिली गोष्ट दिसली ती अशी की आमचे तिन्ही ॲक्सेस पॉइंट ६ क्रमांकाच्या चॅनेलवर होते. चॅनेलची निवड 'ऑटो'वर सोडलेली होती. बऱ्याच साध्या उपकरणांत ही निवड उपकरण सुरू होताना एकदाच केली जाते. देखभालीसाठी वीज बंद राहून दुपारी ती परत आली की अख्ख्या गल्लीतले राउटर एकाच मिनिटात जागे होतात, प्रत्येकाला हवा मोकळी दिसते, कारण अजून कोणी बोलायला लागलेले नसते, आणि त्या क्षणीच्या निवडीवर सगळे आठवडाभर बसून राहतात. म्हणून गर्दीच्या जागी चॅनेल हाताने ठरवावा, आणि तो संध्याकाळच्या पाहणीवरून ठरवावा.

वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन रेडिओ पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ असे चॅनेल मिळतात, पण त्यांच्यातले अंतर पाच मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येकाची रुंदी वीस-बावीस मेगाहर्ट्झची, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच उरतात. इथे फार मोठा गैरसमज आढळतो. ॲपमध्ये १ आणि ६ भरलेले दिसतात, मधला ३ रिकामा दिसतो, आणि माणूस आनंदाने ३ निवडतो. आमच्या खालच्या मजल्यावरील झेरॉक्सच्या दुकानात नेमके हेच झाले होते. एकाच चॅनेलवरची दोन नेटवर्के एकमेकांच्या बोलण्याची सुरुवात ओळखतात, उणे ८२ डेसिबल-मिलिवॉट (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) इतक्या क्षीण आवाजातही ओळखतात, आणि थांबतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलवर मात्र समोरचे बोलणे उलगडत नाही, ते केवळ गोंगाट म्हणून जाणवते, आणि गोंगाट ऐकून थांबण्याची मर्यादा उणे ६२ आहे. हा वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभर पट. समोरचा आवाज आपले बोलणे बिघडवण्याइतका मोठा असतो, पण आपल्याला थांबवण्याइतका मोठा नसतो, म्हणून दोघेही बोलतात आणि दोघांचेही बिघडते. गर्दी असली तरी १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. याच कारणामुळे २.४ मध्ये रुंदी कायम वीस मेगाहर्ट्झ ठेवावी. चाळीसवर नेलेला एक राउटर त्या पट्ट्याचा अर्ध्याहून अधिक भाग अडवतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच चकित करून गेली, कारण ती माझ्याच हातून झाली होती. विद्यार्थी, कार्यालय, पाहुणे आणि कॅमेरे अशी चार वेगवेगळी नावे मी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर ठेवली होती. प्रत्येक नावाचे नेटवर्क आपण हजर असल्याची आरोळी, जिला बीकन म्हणतात, दर १०२.४ मिलिसेकंदांनी देत असते, आणि ती जुन्यातल्या जुन्या उपकरणालाही समजावी म्हणून सर्वांत कमी गतीने, म्हणजे एक मेगाबिटने दिली जाते. सुमारे ३०० बाइटच्या एका बीकनला त्या गतीने अडीच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. चार नावे, तीन ॲक्सेस पॉइंट, सगळे एकाच चॅनेलवर: म्हणजे दर सेकंदाला सुमारे ११७ बीकन, आणि त्यांत सेकंदातले तीनशे मिलिसेकंद खर्च. कोणी एक अक्षरही वाचलेले नसताना हवेचा तीस टक्के वेळ संपलेला होता. तिसरा ॲक्सेस पॉइंट बसवल्यावर तक्रारी का वाढल्या, त्याचा उलगडा त्या रात्री वहीत हा गुणाकार मांडल्यावर झाला.

त्यावर दोन उपाय केले. नावे चारांवरून दोनांवर आणली, आणि राउटरच्या प्रगत सेटिंगमध्ये १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट या जुन्या गती बंद करून किमान गती १२ मेगाबिट ठेवली. त्यामुळे एका बीकनला आता पाव मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. जिन्याजवळच्या फोनचा प्रश्नही यानेच सुटला, कारण एक मेगाबिटवर उतरून सगळ्यांना अडवण्याऐवजी तो फोन आता जवळच्या ॲक्सेस पॉइंटकडे वळतो. हा बदल करण्यापूर्वी हजेरीचे यंत्र, प्रिंटर अशी जुनी उपकरणे पाहून घ्यावीत. फारच जुने यंत्र केवळ त्या बंद केलेल्या गतींवर चालणारे असेल तर ते जोडले जाणार नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. चार कॅमेरे वायफायवरून अहोरात्र चित्र पाठवत होते. ते लॅन केबलवर घेतले. भिंतीला पक्के केलेले, कधीही न हलणारे कोणतेही उपकरण हवेवर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. हाच नियम रेंज वाढवणाऱ्या रिपीटरला लागू आहे: तो प्रत्येक तुकडा त्याच चॅनेलवर ऐकतो आणि पुन्हा उच्चारतो, म्हणजे एकाच निरोपासाठी हवा दोनदा वापरतो. दुसऱ्या खोलीत ॲक्सेस पॉइंट हवा असेल तर तिथपर्यंत केबल ओढावी.

आता मोबाइल हॉटस्पॉट. नेट अडले की विद्यार्थी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक हॉटस्पॉट हे एक स्वतंत्र नेटवर्क असते, तेही बीकनच्या आरोळ्या देते आणि बहुधा २.४ मध्येच देते. त्यामुळे वायफाय अधिक मंदावते, मग आणखी दहा जण हॉटस्पॉट चालू करतात. एका संध्याकाळी एकट्या मधल्या खोलीत मी असे चौदा हॉटस्पॉट मोजले. फळ्यावर दोन ओळींत कारण लिहून विनंती केली, तेव्हा बहुतेकांनी ते बंद केले. आज्ञा करण्यापेक्षा कारण सांगितलेले मुलांना पटते, असा माझा अनुभव आहे.

भिंतीआडचे दोघे

तिसऱ्या खोलीची तक्रार एवढे करूनही पूर्ण थांबली नाही. ती खोली आणि पहिली खोली यांच्यामध्ये वाड्याची मूळची जाड भिंत तशीच ठेवलेली आहे, आणि ॲक्सेस पॉइंट मधल्या बोळात होता. त्याला दोन्ही खोल्या ऐकू येत होत्या, पण दोन खोल्यांतल्या लॅपटॉपना एकमेकांचे काहीच ऐकू येत नव्हते. आधी ऐकून मग बोलण्याची शिस्त इथे निरुपयोगी ठरते, कारण भिंतीपलीकडचा बोलत असतानाही अलीकडच्याला हवा शांतच वाटते. चाचणी सोपी आहे. दोन खोल्यांत दोन लॅपटॉप ठेवून आधी एकेकाने आणि मग दोघांनी एकदम मोठी फाइल वर चढवावी. दोघांचा मिळून वेग एकट्याच्या वेगाइतका किंवा थोडा कमी आला तर ठीक. तो एकदम कोसळला तर भिंतीआडची टक्कर होते आहे असे समजावे.

यावर पुष्कळ ठिकाणी आरटीएस मर्यादा कमी करण्याचा सल्ला दिला जातो. आरटीएस म्हणजे बोलण्यापूर्वी ॲक्सेस पॉइंटची परवानगी मागणे. तो परवानगी देतो तेव्हा ती सगळ्यांना ऐकू येते आणि किती वेळ गप्प राहायचे तेही कळते. कल्पना चांगली आहे, परंतु सामान्यतः राउटरमधली ती मर्यादा राउटरच्या स्वतःच्या बोलण्यावर लागू होते, आणि इथे टक्कर होत होती ती लॅपटॉपांच्या बोलण्याची. म्हणून मी तो आकडा बदलत बसलो नाही. बोळातला ॲक्सेस पॉइंट काढून तिसऱ्या खोलीच्या छताला लावला, पहिलीत दुसरा लावला, त्यांना वेगवेगळे चॅनेल दिले आणि दोघांचीही प्रक्षेपणाची ताकद कमी केली. तीच भिंत आता उपयोगी पडते, कारण ती दोन खोल्यांना वेगळे ठेवते.

ताकद कमी करण्याची गोष्ट लोकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. ॲक्सेस पॉइंट २० डेसिबल-मिलिवॉट म्हणजे १०० मिलिवॉटने बोलत असतो आणि फोनची ताकद बहुधा त्याहून कमी असते. मोठ्याने बोलणारा दूरवर ऐकू येतो, पण दूरच्याचे हळू बोलणे त्याला ऐकू येत नाही. फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात आणि फोनचे उत्तर मात्र पोहोचत नाही. शिवाय जितका आवाज मोठा तितके अधिक लोक आपल्यामुळे थांबतात, खालचे दुकानही आणि समोरची इमारतही. आम्ही २.४ मध्ये ताकद १२ वर आणली. पट्ट्या एकने कमी झाल्या. पहिल्या दिवशी दोघांनी त्याची तक्रार केली. व्हिडिओ अडल्याची तक्रार कोणी केली नाही.

५ गिगाहर्ट्झकडे वळताना

खरी मोकळी जागा ५ गिगाहर्ट्झमध्ये आहे. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वायफायसाठी परवान्याविना खुले झाले. त्यामुळे वीस मेगाहर्ट्झ रुंदीचे, एकमेकांवर न येणारे वीसहून अधिक चॅनेल मिळतात, २.४ मध्ये तीन मिळतात. भिंतीतून हा सिग्नल कमी जातो, आणि दाट वस्तीत हा त्याचा गुणच समजावा. आम्ही तिन्ही ॲक्सेस पॉइंटवर ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवले आणि २.४ फक्त मधल्या एकावर ठेवले, तेही हजेरीच्या यंत्रासाठी आणि जुन्या फोनांसाठी.

राउटर विकत आणल्यावर इथे रुंदी ८० मेगाहर्ट्झ असते. घरी एकटे असताना ती ठीक आहे, पण साठ जणांच्या खोल्यांत ती चाळीसवर किंवा वीसवर आणावी. रुंदी दुप्पट झाली की गोंगाटही तीन डेसिबलने वाढतो, आणि शेजारपाजारच्यांशी एकाच रांगेत येण्याची शक्यताही वाढते. वेगाच्या चाचणीचा आकडा रुंदी घटवल्यावर लहान दिसेल. पिंगचे उत्तर पाहावे, तो आकडा पाहू नये.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांवर जाण्यापूर्वी राउटर एक मिनिट नुसता ऐकतो, आणि पुढे रडारसारखा ठोका ऐकू आला तर दहा सेकंदांच्या आत चॅनेल सोडून देतो व अर्धा तास तिथे परतत नाही. तक्रार अशी येते की सगळ्यांचे नेट एकाच क्षणी गेले आणि मिनिटभराने आपोआप आले. राउटरच्या नोंदींत रडारचा उल्लेख सापडला तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांमधला चॅनेल घ्यावा.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा त्रास वेगळा ओळखू येतो: तो २.४ मध्येच होतो, ओव्हन चालू असेपर्यंतच टिकतो, आणि पन्नास हर्ट्झच्या विजेवर तो दर वीस मिलिसेकंदांत अंदाजे निम्मा वेळ हवा भरून टाकतो. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कची केबल राउटरला चिकटून असेल तर तीही २.४ मध्ये गोंगाट करते. ती हातभर दूर ठेवावी. डब्ल्यूएमएम ही सोय कोणी 'वेग वाढवण्यासाठी' बंद केली असेल तर ती चालू करावी, कारण ती बंद केली की जोडणी जुन्या ५४ मेगाबिटच्या मर्यादेत अडकते आणि बोलण्याच्या कॉलला मिळणारे प्राधान्यही जाते.

नवे उपकरण घ्यावे का

वायफाय ६ या वायफायच्या नव्या पिढीत या रांगेच्या पद्धतीतच सुधारणा झाली आहे. ॲक्सेस पॉइंट एका संधीचे तुकडे करून वीस मेगाहर्ट्झमध्ये एकाच वेळी नऊ जणांपर्यंत बोलणे वाटून देऊ शकतो, आणि आपल्या नेटवर्कला १ ते ६३ यांपैकी एक 'रंग' देऊन शेजारच्या वेगळ्या रंगाच्या क्षीण बोलण्याकडे दुर्लक्ष करू शकतो. हे खरोखर चांगले बदल आहेत, पण त्यांचा लाभ समोरचा फोनही तितकाच नवा असेल तर मिळतो. जुने फोन जुन्याच नियमाने आकडे काढत राहतात. अभ्यासिकेतले निम्मे फोन जुने आहेत. म्हणून आधी चॅनेल, नावे, किमान गती, ताकद आणि जागा नीट करावी, महिनाभर नोंद ठेवावी, आणि मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवावे. आम्हाला अजून तरी नवे घ्यावे लागलेले नाही. संध्याकाळी साडेसातला राउटरचे उत्तर आता बहुतेक वेळा तीन ते पंधरा मिलिसेकंदांत येते, क्वचित चाळीसवर जाते.

शेवटचे काम झेरॉक्सच्या दुकानात होते. मी मालकांना फोनवरचा आलेख दाखवला आणि म्हणालो, "काका, तुमचा ३ नंबर मोकळा दिसतो, पण वरचा १ आणि ६, दोन्ही तुमच्या अंगावर येतात. तुम्ही १ वर या, मी १ सोडतो." त्यांचा छपाईचा लॅपटॉप संध्याकाळी अडायचा, तोही त्या दिवसापासून सुरळीत झाला. आता तळमजल्यावर मीटरच्या खोलीत एक कागद चिकटवला आहे. दुकान १, अभ्यासिका ६, तिसरा मजला ११, आणि कागदाच्या तळाशी तारीख. कोणी नवा राउटर लावला तर आधी तो कागद पाहतो आणि खाली आपली ओळ लिहितो.